अनुभवाची ओळ

वसमतच्या बसस्टँडसमोर एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिथल्या सरांकडे एकच बायोडाटा होता आणि त्या एका बायोडाट्यावर निम्मा तालुका नोकरी शोधत होता. परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आसपासची ही गोष्ट. सरांनी तो बायोडाटा कधीतरी पुण्याहून आलेल्या कुणाच्या कागदावरून उतरवून घेतला होता म्हणे. आपण फक्त नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मार्क सांगायचे, बाकीचं सगळं सरांना आधीच माहीत असायचं. छंद कोणते, तर वाचन, क्रिकेट आणि मित्र जोडणे. मी आयुष्यात बॅट धरली नव्हती. स्वभाव कसा, तर कष्टाळू आणि प्रामाणिक. आणि अनुभव? दोन वर्षे, अकाउंट्स क्लार्क, जिनिंग फॅक्टरी.

"सर, मी जिनिंगमध्ये कधी पाऊल ठेवलं न्हाई," मी म्हणालो.

सरांनी मशीनवरून मानही वर केली नाही. "अनुभवाची ओळ कोरी ठेवायची न्हाई. कोरी दिसली की कागद टेबलाखाली जातो."

"आन् कुणी विचारलं तर?"

"कोण विचारून राहिलं? आजवर कितीजणांचे काढले मी. एकाला तरी विचारलं का कुणी?"

एकालाही विचारलं नव्हतं हे खरं, पण एकालाही नोकरी लागली नव्हती हेही तितकंच खरं होतं. ते विचारायचं मला सुचलं नाही. मी बी.कॉम. झालो होतो, सव्वीस वर्षांचा होतो आणि माझी अक्कल गहाण पडली होती. सरांच्या हिशेबानं त्या जिनिंगमध्ये एका वेळी शंभर-दीडशे क्लार्क बसत असणार, कापूस ठेवायला जागा उरत नसणार. मनातल्या मनात हसलो आणि शेवटच्या ओळीखाली सही ठोकली. ती शेवटची ओळ अशी होती की, वरील सर्व माहिती खरी आहे. मग समोरच्या दुकानात जाऊन चाळीस झेरॉक्स काढल्या.

घाई का होती, ते सांगतो. माझे वडील शेजारच्या जवळा बाजार गावात अडत दुकानावर हमाल होते. हळद, कापूस, तूर, जे येईल ते पाठीवर. बाजार समितीचा पितळी बिल्ला त्यांच्या दंडाला असायचा. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांची कंबर गेली. आधी दोन पोती झाली की बसायचे, मग एक झालं की बसायला लागले. आमच्याकडची रीत अशी की, हमालानं काम सोडलं तर त्याचा बिल्ला त्याच्या मुलाला मिळतो. पण कापसाचा हंगाम लागायच्या आत समितीला कळवावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्याच्या दंडावर जातो. वडिलांनी कळवलं नव्हतं. ते मोडक्या कंबरेनं पोती उचलत होते, कारण कळवायचं म्हणजे माझं नाव द्यायचं.

"तुला पोत्याखाली घालायचं असतं तर शाळेत कशाला घातलं असतं," एवढंच ते म्हणायचे आणि मायकडून कंबरेला एरंडाचं पान बांधून घ्यायचे. ती पान बांधायची आणि माझ्याकडे बघायची. ते बघणं मला सहन होत नव्हतं. दिवाळीपर्यंत मला नोकरी लागली तर ठीक, नाहीतर माझ्या दंडाला बिल्ला, असा सरळ मामला होता.

बायोडाट्यासोबत मार्कशीटच्या सत्यप्रती लागायच्या आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आमच्या पंचक्रोशीत पोरांना सापडणारा एकच राजपत्रित अधिकारी होता, जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. तो म्हशीला इंजेक्शन द्यायचा, हात धुवायचा आणि हिरव्या शाईनं आमच्या पदव्या खऱ्या असल्याचं लिहून द्यायचा. माझ्या बी.कॉम.ला कायम फिनेलचा वास यायचा. डॉक्टर भला माणूस होता. दर खेपेला विचारायचा, "काय रे, लागलं का कुठं?" नंतर नंतर मी गर्दीच्या वेळेलाच जायचो, म्हणजे त्याला विचारायला सवड मिळू नये.

झेरॉक्स पाठवायला ठेवून मूळ प्रत मी घरी आणली होती. वडिलांनी ती हात धोतराला पुसून घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि माझ्याकडे परत दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि कागद तर इंग्रजीत होता.

"वाच की," ते म्हणाले. "काय काय लिवलं तुज्याबद्दल, आयकू दे."

मी मराठी करून वाचत गेलो. नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं, तेव्हा ते जरा सरळ बसले. शिक्षण वाचलं, मार्क वाचले, छंद वाचले. क्रिकेट आलं तेव्हा माय हसली. कष्टाळू आणि प्रामाणिक असं वाचलं, तेव्हा वडील म्हणाले, "हे बराबर लिवलं." आणि त्याच्यानंतर अनुभवाची ओळ होती. मी ती गाळली. तिच्यावरून नजर अशी काही उचलून पुढं नेली, जणू तिथं ओळच नव्हती. पुढं पत्ता होता, तो वाचला.

का गाळली? कारण ज्या माणसानं आत्ताच "बराबर लिवलं" म्हटलं, त्याच्यापुढं पुढचीच ओळ खोटी वाचायला जीभ वळेना. दुसरं काही नाही. त्यांना काय कळतंय, असंही मनात आलं असेल. आलं होतं, खरं सांगायचं तर.

पत्त्याखाली फोन नंबर लागायचा. आमच्या गावात फोन नव्हता. तेव्हा ज्याच्याकडे फोन नसे तो ओळखीच्या कुणाचा नंबर द्यायचा आणि त्यापुढं 'पी.पी.' लिहायचा. पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, आपल्याला फक्त बोलावून देतील. मी अडत दुकानाचा नंबर दिला होता. मुनीमजी चांगले होते, वडिलांवर त्यांचा जीव होता. "आला तर सांगू की," म्हणाले.

मुंबई, पुणे, नाशिक, जिथं जाहिरात दिसेल तिथं पाकिटं टाकली. पेपर आमच्या गावात दुपारी यायचा. तोही मी हॉटेलात फुकट वाचायचो आणि जाहिरात हळूच फाडून घ्यायचो. हॉटेलवाल्याच्या ते ध्यानात आलं होतं, तरी तो काही म्हणाला नाही. चाळीसपैकी एकोणचाळीस पाकिटांचं काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. चाळिसाव्याचं पत्र आलं. जालन्याची एक बियाण्यांची कंपनी होती. लिहिलं होतं, अर्ज पोहोचला, येत्या काही दिवसांत आपल्याशी फोनवर संपर्क साधू, मूळ कागदपत्रं तयार ठेवा.

त्या पत्रानं घराचा नूरच बदलला. माय देवळात जाऊन आली. वडील दोन दिवस कंबर विसरले. आणि मी अडत दुकानावर जाऊन फोनपाशी बसलो. सकाळी पहिल्या गाडीनं जायचं, दुकान बंद होईपर्यंत बसायचं. फोन वाजला की मी उठून उभा राहायचो. मुनीमजी उचलायचे आणि बोलायला लागायचे, "हळद काय निघाली? बरं, बरं." असे नऊ दिवस गेले. समोर वडील पोतं घेऊन जायचे आणि जाता जाता फक्त भुवई उडवायचे, म्हणजे आला का? मी मान हलवायचो, म्हणजे नाही. पोत्याखालून माणूस विचारतोय आणि आपण सावलीत गादीवर बसून मान हलवतोय, याची लाज वाटायची. वाटायची म्हणजे काय, जीव द्यावासा वाटायचा. हे मी वाढवून सांगत नाही. दुकानामागं विहीर होती आणि मी तिकडं बघायचं टाळायचो.

दहाव्या दिवशी मला 'मूळ कागदपत्रं' या शब्दांनी गाठलं. अनुभव लिहिलाय तर दाखला लागणार. सर म्हणाले होते, लागला तर सांग, जिनिंगमधल्या एकाला सांगून लेटरहेडवर देऊ. मी वसमतला जायचं ठरवलं. त्या दिवशी जवळ्याचा आठवडी बाजार होता. वडिलांना सांगितलं, "फोन आला तर म्हणा, भायेर गेलाय, सांजच्याला करा. एवढंच."

"एवढंच का?"

"एवढंच."

वसमतला तो जिनिंगवाला माणूस भेटलाच नाही. सरांच्या दारात दुपार गेली. सर म्हणाले उद्या ये. मी परत आलो तेव्हा ऊन कललं होतं, बाजार मोडत होता. घरी पोहोचलो तर दारातच वडील बसलेले. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती आणि चेहरा असा की, मी तसा कधी पाहिला नव्हता.

"आला," ते म्हणाले. "फोन आला. मीच बोललो. घे, जिलबी खा."

बाजाराच्या दिवशी शेटजी सौद्यात असतात, मुनीमजींच्या हातात वजनाच्या चिठ्ठ्या. फोन वाजला तेव्हा मुनीमजींनी रिसीव्हर लांबूनच वडिलांच्या हातात दिला होता. "तुमच्या पोराचा हाय, बोला." वडील त्याआधी कधी फोनवर बोललेले नव्हते.

"काय म्हणले?" मी विचारलं.

ते सावरून बसले. एक एक शब्द जपून आणला होता त्यांनी. "साहेब म्हणला, हायेत का घरी, का जिनिंगवर गेलेत? म्या म्हणलं, कोणती जिनिंग, साहेब? तो म्हणला, दोन वर्षं झाले कामाला हायेत ना तिथं? म्या म्हणलं, न्हाई साहेब, तुमाला कुणीतरी चुकीचं सांगितलं. लेकरू दोन वर्षं झाले घरीच हाय. कुटंच काम लागून न्हाई राहिलं. पण लई हुशार हाय, साहेब, अन् इमानदार हाय. माजी कंबर गेली, न्हाईतर तुमाला तकलीफ दिली नसती. एक डाव घेऊन पहा. मंग तो म्हणला, तुमी कोण? म्या म्हणलं, त्याचा बाप."

"मग?"

"मंग म्हणला, ठीक आहे. दोन डाव म्हणला, ठीक आहे, ठीक आहे." त्यांनी पुडी पुढं केली. "झालं तुजं काम."

हमालांना त्यांनी जिलबी वाटली होती. डॉक्टरलासुद्धा दवाखान्यात नेऊन दिली होती.

पुढं जे झालं ते लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. माझं डोकं फिरलं. मी आत गेलो, बायोडाटा आणला आणि ती ओळ त्यांच्या नाकापुढं धरली. वाचता न येणाऱ्या माणसाच्या नाकापुढं. "हे पहा, इथं लिवलंय, दोन वर्षं जिनिंगवर क्लार्क! सगळे लिवतेत! तुमाला एवढंच म्हणायला सांगितलं होतं ना, भायेर गेलाय? तोंड कशाला उघडलं? तुमच्या तोंडानं घालवलं सगळं!" आणखीही बोललो. माय मधे आली तर तिलाही बोललो. पुडीतली जिलबी अंगणात पडली आणि कोंबड्या धावल्या.

वडिलांनी मी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मला वाचून दाखवलं तवा ही ओळ न्हाई वाचली तू."

"न्हाई."

"काहून?"

मी कागद खाली घेतला. ते उठले, कंबरेवर हात ठेवून उठावं लागलं. जाता जाता म्हणाले, "सांगायचं व्हतं ना, लेकरा. बोललो असतो खोटं. तुज्यासाठी बोललो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून जालन्याला फोन लावला. पत्रावर नंबर होता. पाया पडायचं, गयावया करायची, काहीही करायचं असं ठरवून लावला. पलीकडे ते साहेबच होते. आवाज मोठ्या माणसाचा, शांत. मी काहीतरी बोलायला लागलो, की वडील म्हातारे आहेत, त्यांना नीट माहीत नाही. त्यांनी मला थांबवलं.

"जाहिरात वाचली होती का तुम्ही?"

"हो."

"अनुभव मागितला होता का?"

माझा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

"आम्हाला नवखाच पाहिजे होता. शिकवून घेतो आम्ही. तुमच्या वडिलांचं बोलणं मला आवडलं. तुमचा कागद नाही आवडला. हिशेबाचं काम आहे, तुम्हीच सांगा, कसा घेऊ?"

मी रिसीव्हर ठेवला. खिशातल्या पाकिटात फाडलेली जाहिरात होती, ती काढून पाहिली. पदवीधर उमेदवार, एवढंच होतं. अनुभवाचा शब्द नव्हता. बूथवाल्यानं विचारलं, "लागला न्हाई का फोन?" मी म्हणालो, "लागला."

बूथपासून आमचं घर चालत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी ठरवलं होतं, जाऊन सांगायचं. बाबा, तुमच्या बोलण्यानं काही गेलं नाही. उलट तुमच्या बोलण्यावर त्या माणसानं मला घेतलं असतं. घालवलं ते मी. घरी पोहोचलो तर वडील नव्हते. ते समितीत गेले होते, बिल्ला माझ्या नावावर करायला. संध्याकाळी आले आणि बिल्ला माझ्यापुढं ठेवला. मला वाटलं, आता सांगून काय, त्यांना आणखी त्रास. ही थाप मी स्वतःला मारली. खरं कारण असं की, रागावलेला मुलगा राहणं मला सोपं वाटत होतं.

पहिल्या दिवशी खांद्यावर पोत्याचं फडकं त्यांनीच ठेवून दिलं. पोतं घेताना मान कुठं ठेवायची, वळायचं कसं, ते दाखवलं. नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही. मी दोन हंगाम पोती उचलली. रोज वाटायचं, आज सांगू. पोतं पाठीवर असलं की अगदी पक्कं वाटायचं आणि उतरलं की राहून जायचं. पुढं मुनीमजींची नजर कमी झाली आणि वजनाच्या चिठ्ठ्या लिहायला त्यांनी मला बसवलं. त्यानंतर आणखी काही वर्षांनी हिंगोलीत एका गोदामावर जागा निघाली. वसमतच्या सरांकडे आता कॉम्प्युटर होता, बायोडाटा तोच होता. त्यांनी सवयीनं जिनिंग टाइप केली. मी खोडायला लावली. अनुभव, दोन हंगाम हमाली, चार वर्षं काट्यावर नोंद, असं लिहा म्हणालो. "हे इंग्रजीत बरं दिसंना," सर कुरकुरले, पण लिहिलं. ती नोकरी मला लागली. घरी येऊन मी पूर्ण बायोडाटा वडिलांना वाचून दाखवला, एक ओळ न गाळता. त्यांनी ऐकून घेतला. "चांगलं झालं," म्हणाले. एवढंच.

मग घरात मोबाईल आला. मी हौसेनं घेतला, मायबापांसाठी, मी दिवसभर हिंगोलीला असतो म्हणून. माय चार दिवसांत शिकली. तिला बहिणीशी बोलायचं असायचं. वडील मात्र त्याला हात लावत नव्हते. फोन शेजारी वाजत असला तरी ते उठून ओट्यावर जाऊन बसायचे. पाहुणे हसायचे, जुना माणूस, घाबरतो म्हणायचे. एकदा माय वैतागली, "अवो, उचला की, माझे हात पिठात हायेत." तेव्हा मी घरातच होतो. ते म्हणाले, "मी न्हाई. माज्या तोंडानं काई बी बोललं जातं. त्याचं काम बिघडतं."

जालन्याच्या त्या फोनला सात-आठ वर्षं झाली होती तोवर. मी जेवत होतो, तसाच ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी गोदामावरून दुपारी मी घरी फोन लावला. माय शेतात असणार हे माहीत होतं, म्हणूनच लावला. समोरासमोर माझ्यानं होणार नव्हतं, फोनवर कदाचित झालं असतं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. बाबा, जालन्याच्या साहेबाला तुमचं बोलणं आवडलं होतं. घंटी वाजत राहिली. मला दिसत होतं, फोन भिंतीतल्या देवळीत आहे आणि ते उठून ओट्यावर जाऊन बसलेत. पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा गोदामावर ट्रक लागला होता आणि लोक मला हाका मारत होते.

संध्याकाळी घरी गेलो. ते ओट्यावरच होते.

"दुपारी फोन वाजला व्हता," ते आपणहून म्हणाले. "तीन डाव. कामाचा असंल म्हणून म्या हात न्हाई लावला."

"माझाच होता, बाबा."

"तुजा?" ते एकदम ओशाळले. "काय म्हणून राहिलता?"

मी त्यांच्याशेजारी बसलो. वाक्य तयार होतं, तोंडात होतं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "जेवले का विचारायचं होतं."

"जेवलो की," ते म्हणाले.